डाव्या पायाचे ओझे

साताऱ्याहून पूर्वेस निघालेला पंढरपूरचा रस्ता कोरेगाव सोडून वर्धनगडचा घाट चढला, की पुढे पर्जन्यछायेचा उघडा, बाभळी-बोरींचा मुलूख लागतो. आणि पुसेगाव, दहिवडी, गोंदवले ही गावे मागे टाकीत तो माणगंगेच्या काठी म्हसवडास पोहोचतो, तेव्हा सातारा जिल्हा जवळजवळ संपलेला असून दक्षिणेस सांगलीचा आटपाडी तालुका आणि पूर्वेस सोलापूर जिल्ह्याची हद्द हाकेच्या अंतरावर आलेली असते. सिद्धनाथाचे हे गाव मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या रथोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत येथल्या रस्त्यावर जे चालते ते ओझ्याचे, चाऱ्याचे, उसाचे, डाळिंबाचे आणि पाण्याचे दळणवळण होय, आणि त्यात मुख्य वाटा त्या जुन्या ट्रकांचा असतो, ज्यांची तारुण्याची वर्षे मुंबई-बंगळूर महामार्गावर गेली आणि उत्तरायुष्य माणदेशाच्या वाड्या-वस्त्यांवर जाते आहे.

या जुन्या ट्रकांची वंशावळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो, डिसोटो या नावांचे ट्रक या प्रांतात आले. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला, आणि तो १९६९ मध्ये संपला तेव्हा त्या बनावटीचा ट्रक पूर्णपणे टाटांचा होऊन देशभर पसरलेला होता. मद्रासच्या अशोक लेलँडची गाडी त्याच काळात रूढ झाली. या सर्व गाड्यांच्या रचनेमागे एक तत्त्व होते, ते असे की, गाडी दणकट असावी, सुट्या भागांची अदलाबदल रस्त्याच्या कडेला करता यावी आणि जे यंत्र बिघडेल ते डोळ्यांना दिसावे. चालकाच्या शरीराचा विचार त्या तत्त्वात फारसा नव्हता. त्याला छप्पर होते, आसन होते, सुकाणूचे मोठे चाक होते. आणि डाव्या पायाखाली क्लचचे पेडल होते.

क्लचचे कार्य वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल, तरी पुढील विवेचनासाठी ते एकदा स्पष्ट करावे लागते. इंजिन फिरत राहते आणि चाके मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. या दोहोंचा संबंध जोडणे आणि तोडणे हे क्लचचे काम. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते, तिला प्रेशर प्लेट बळकट स्प्रिंगांनी दाबून धरते, आणि पेडल दाबताच रिलीज बेअरिंग पुढे सरकून त्या स्प्रिंगांचा दाब उचलते, तेव्हा प्लेट मोकळी होऊन गिअर बदलता येतो. जितके ओझे अधिक तितकी स्प्रिंग बळकट हवी, आणि जितकी स्प्रिंग बळकट तितका पायाचा जोर अधिक लागणार, हे ओघानेच आले.

जुन्या रचनेत पायाचा हा जोर बेअरिंगपर्यंत लोखंडी दांड्यांनी जातो. पेडलाखाली एक दांडा, त्याच्यापुढे आडवा शाफ्ट, त्यावर कोन बदलणारा तरफेचा तुकडा, मग दुसरा दांडा आणि शेवटी बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या ओतीव आवरणात, शिरलेली आणि बेअरिंग ढकलणारी कात्री, अशी ही साखळी असते, आणि प्रत्येक सांध्यावर एक पिन आणि एक बुश असतो. गाडी नवी असताना ही रचना प्रामाणिकपणे काम करते, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण तिची निंदा करणे अन्यायाचे होईल. परंतु दहा-वीस वर्षांची धूळ, वंगणाचा विसर आणि खड्डे यांनी पिना झिजतात, गोल भोके लंबवर्तुळाकार होतात, बुश खुळखुळतात. आणि पायाने दिलेली आज्ञा सात तोंडांतून गेलेल्या निरोपासारखी अर्धीमुर्धी पोहोचते. चालक पेडल पूर्ण दाबतो, तरी बेअरिंग पुरेसे सरकत नाही, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतो. त्यात भर अशी की, ओझ्याखाली ट्रकची चासी पिळते, इंजिन आपल्या रबरी बैठकांवर हलते, आणि चासीवर रोवलेले पेडल व इंजिनास जोडलेली कात्री यांतले अंतर क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे चढावर गाडी उचलताना सर्व ट्रक थरथरतो आणि त्या थरथरीचा उगम चालकाच्या तळव्याखाली असतो.

माणदेशात याची बाधा टँकरच्या चालकास सर्वांत अधिक होते. १९७२ चा दुष्काळ अजून वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ चे दुष्काळ तर सर्वांनीच पाहिले. माणदेशी फाउंडेशनने म्हसवडास उभारलेल्या चारा छावणीत जनावरे महिनोन्‌महिने राहिली ती याच काळात, आणि त्यांच्यासाठी चारा व पाणी येत होते ते गाड्यांवरच. दुष्काळी साली टँकरची मागणी ग्रामपंचायतीकडून तालुक्याच्या कचेरीत जाते, मंजुरी येते, खेपा ठरतात, आणि ट्रकच्या चासीवर बसवलेली टाकी उद्भवावर भरून वस्तीवस्तीला रिकामी होते. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन ओझे, आणि ते ओझे स्थिर नसते. टाकी अर्धी झाली की आतले पाणी पुढे-मागे हेलकावते आणि चालकाने क्लच जरा उतावीळपणे सोडला तर तो हेलकावा सबंध गाडीला धक्का देतो. महामार्गावरचा ट्रक एकदा वरच्या गिअरात पडला की कोसच्या कोस क्लचाला पाय लागत नाही. वस्तीवरचा टँकर मात्र ओढ्यात उतरतो, चढतो, बांधाशी थांबतो, मागे घेतो, दहा पावले पुढे सरतो, पुन्हा थांबतो. आणि अशा प्रत्येक हालचालीस डावा पाय ते जड पेडल तळापर्यंत दाबतो व अर्ध्यावर धरून ठेवतो. खेपांची नोंदवही असते, लिटरांची नोंद असते, डिझेलची असते. डाव्या पायाने दिवसभरात किती ओझे दाबले याचा रकाना कोणत्याही दप्तरात नाही.

म्हसवडच्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका वयोवृद्ध मेस्त्रींकडे असाच एक जुना टँकर क्लच बदलण्यासाठी उभा होता, आणि त्याचा चालक गाडीखाली आडव्या पडलेल्या मेस्त्रींना सांगत होता, “मेस्त्री, शेवटच्या खेपेला पाय आपला ऱ्हातच न्हाई बघा. रातच्याला पोटरीत गोळा येतो.” मेस्त्रींनी खालूनच उत्तर दिले, “प्लेट बदलून भागायचं न्हाई पाव्हणं. ह्या दांड्याच काढू. तेलावरचा क्लच करू.” तेलावरचा क्लच, म्हणजे ज्यास पुस्तकात हायड्रॉलिक म्हणतात तो, जुन्या ट्रकवर कसा बसवतात ते मी त्या शेडमध्ये पाहिले. एरवी कोणी लिहून ठेवीत नाही असे ते काम आहे, म्हणून ते विस्ताराने सांगतो.

त्याचे मूळ तत्त्व सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताचे आहे. त्याचा द्रवांविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर कोठेही दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हे ते तत्त्व. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली त्यावर आपला दाबयंत्राचा शोध उभारला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीचे ब्रेक द्रवावर चालू लागले. क्लचमध्ये रचना अशी की, पेडलाच्या माथ्याशी एक लहान सिलिंडर असतो, त्यास मास्टर म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाजूस कात्रीजवळ दुसरा असतो, तो स्लेव्ह. मध्ये एक बारीक नळी आणि शेवटी लवचीक होज. पायाने मास्टरमधला दट्ट्या पुढे गेला की तेवढे द्रव नळीतून जाऊन खालचा दट्ट्या ढकलते. नळी वाटेल तेथून वळवून नेता येते. इंजिन हलले, चासी पिळली तरी होज वाकते आणि दाब तेवढाच राहतो. दांड्यांच्या साखळीतला झीज होणारा बहुतेक भाग यामुळे नाहीसा होतो. याखेरीज एक गुण असा की, क्लच प्लेट झिजत जाते तसा खालचा दट्ट्या आपोआप मागे सरकून बसतो आणि वारंवार अंतर जुळवीत बसण्याचे काम बव्हंशी संपते. अर्थात स्लेव्हची दांडी कात्रीस सतत टेकून राहील अशी रचना असेल तरच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल शक्ती निर्माण करीत नाही. समजा मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा एक इंच आहे. तर क्षेत्रफळाचे प्रमाण सुमारे १.७८ येते. पेडलाची तरफ सहापट असेल आणि पायाने १५ किलोचा जोर दिला तर मास्टरवर ९० किलो व स्लेव्हवर सुमारे १६० किलो जोर पडतो. परंतु त्याच प्रमाणात अंतर कमी होते. पेडल १८० मिलिमीटर खाली गेले तर मास्टरचा दट्ट्या ३० मिलिमीटर आणि स्लेव्हचा जेमतेम १७ मिलिमीटर सरकतो. कात्रीस १७ मिलिमीटर पुरत असतील तर उत्तम; पुरत नसतील तर पेडल लोण्यासारखे मऊ होईल आणि गिअर मात्र पडणार नाही. म्हणून “मोठा सिलिंडर घाल, हलका होईल” हा सल्ला अर्धवट आहे. आधी कात्री किती सरकली म्हणजे प्लेट सुटते ते मोजायचे आणि त्यावरून सिलिंडराचा व्यास ठरवायचा, हा क्रम. ज्या मेस्त्रींचा मी उल्लेख केला त्यांनी सूत्र शिकलेले नव्हते, परंतु कात्रीच्या टोकाशी खडूची खूण करून, पेडल दाबवून, पट्टीने ते अंतर घेतले आणि मगच सिलिंडर निवडला. खरा लाभ गुणाकारात कमी आणि घर्षण नाहीसे होण्यात अधिक आहे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

पुढचे काम ब्रॅकेटचे. “आधी ब्रॅकेट, मग समदं,” असे ते म्हणाले, आणि त्याचे कारण डोळ्यांसमोर होते. जुन्या केबिनची पुढची भिंत पातळ पत्र्याची असते. त्यावर मास्टर नुसता बोल्टने आवळला तर प्रत्येक दाबाबरोबर पत्राच वाकतो आणि पायाने कमावलेल्या ३० मिलिमीटरांतले पाच-सहा तेथेच वाया जातात. म्हणून आतून-बाहेरून जाड पट्टी लावून, पेडलाच्या खांबाशी तिरका आधार देऊन मास्टर बसवावा लागतो. पेडलाची ढकलदांडी वर्तुळाकार फिरते आणि दट्ट्या सरळ रेषेत जातो. दोहोंचा मेळ न घातला तर दट्ट्या एका बाजूने घासून रबर लवकर जाते. खाली स्लेव्हसाठी बेलहाउसिंगच्या मूळच्या बोल्टांचा आधार घेतात, नवे भोक पाडीत नाहीत, कारण तो ओतीव भाग तडकला तर साऱ्या कामाचे मातेरे होते. स्लेव्ह चासीवर बसवण्याचा मोह सोपा असतो, परंतु तो टाळलाच पाहिजे. चासीवर बसवला की इंजिन हलल्याबरोबर जुन्या दांड्यांचा दोष नव्या रूपाने परत येतो. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेली, प्रत्येक वळणावर क्लिप लावली, आणि पेडलाखाली एक आडकाठी बसवली, कारण गरजेपेक्षा अधिक सरकलेले बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांचे नुकसान करते.

यानंतर हवा काढण्याचे काम आले. द्रव दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो बुडबुडा लहान करण्यातच संपतो. मदतनीस वर बसला. खालून आवाज आला, दाब, त्याने दाबले. धर, त्याने धरून ठेवले. स्लेव्हवरचे निपल उघडले, बाटलीत बुडबुडे गेले, निपल बंद झाले, मग सोड. या क्रमात घाई झाली आणि निपल उघडे असतानाच पाय सुटला तर नळी उलट हवा ओढते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालले, आणि मधून मधून मास्टरवरची द्रवाची बाटली भरीत राहावे लागले, कारण ती रिकामी झाली की सर्व श्रम पहिल्यापासून.

या कामातले काही दोष असे आहेत की ते दिसत नाहीत आणि आठवड्याने उद्भवतात. ड्रम ब्रेकसाठी बनवलेल्या कित्येक मास्टर सिलिंडरांत नळीमध्ये थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. भंगारबाजारातून आणलेला असा सिलिंडर क्लचला लावला तर क्लच सदैव किंचित दाबलेला राहतो, प्लेट घसरते, जळते, आणि दोष मात्र प्लेटच्या माथी जातो. ती झडप काढलीच पाहिजे. तसेच ढकलदांडी आणि दट्ट्या यांत किंचित मोकळीक ठेवली नाही तर मास्टरमधले बारीक छिद्र झाकलेले राहते, द्रव तापून फुगते, त्यास बाटलीकडे परतण्यास वाट उरत नाही, आणि परिणाम तोच होतो. तिसरा दोष द्रवाचा. ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलमध्ये इंजिन ऑइलचा थेंबही पडला तर दट्ट्यांवरचे रबरी वायसर फुगतात. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते. कोरड्या डॉट-३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी शोषल्यावर मात्र त्याची मर्यादा १४० वर येते. म्हणून उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. रंगावर सांडलेले ऑइल लगेच धुवावे, नाहीतर रंग निघतो.

ज्या गाडीला हवेचे ब्रेक आहेत तिच्यावर हवेच्या साहाय्याचा बूस्टर बसवून पेडल आणखी हलके करता येते, आणि नव्या जड ट्रकांत ती सोय कारखान्यातूनच येते. जुन्या गाडीवर मात्र त्यासाठी ब्रेकच्या टाकीतून बिनधास्त हवा घेणे मला मुळीच मान्य नाही. तेथली नळी फुटली तर क्लचबरोबर ब्रेकही जाईल. आणि मोगराळ्याच्या घाटात दहा टन घेऊन उतरताना त्याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. काही मालक याहून स्वस्त उपाय करतात. पेडलास लोखंडी तुकडा जोडून तरफ लांबवतात, किंवा नरम स्प्रिंगची प्रेशर प्लेट घालतात. पहिल्याने पाय वीतभर अधिक उचलावा लागतो आणि दुसऱ्याने चढावर प्लेट घसरते. दोन्हीही टाकाऊ होत.

तेलावरच्या क्लचला उणीव नाही असे नव्हे. दांडा तुटला तर माळावर तारेने बांधून गाडी घरी आणता येते. वायसर गेला तर ती जागच्या जागी उभी राहते. यास्तव प्रत्येक चालकाने दोन्ही सिलिंडरांचे रबरी किट, ब्रेक ऑइलची बंद बाटली आणि निपलचा पाना गाडीत ठेवलाच पाहिजे.

सरकारच्या दृष्टीने या बदलाचे स्थान काय, हा प्रश्न मालक नेहमी विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम असे फेरफार रोखते, ज्यांमुळे नोंदणीपत्रातला तपशील मूळ बनावटीपासून भिन्न होतो. क्लच कशाने दाबला जातो याचा तपशील नोंदणीपत्रात नसतो. तरी आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्रासाठी जावे लागते, तेव्हा कामाची पावती जवळ ठेवावी आणि निरीक्षकाने विचारल्यास काम दाखवावे, हेच शहाणपणाचे. २०२१ साली जाहीर झालेल्या वाहन-मोडीत धोरणामुळे कित्येक जुन्या गाड्या पुढेमागे निघतील आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या चालतील त्यांच्या चालकांचे काय? केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरात ट्रकच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना काढली, तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण ती नव्याने बनणाऱ्या ट्रकांपुरती आहे. जुन्या ट्रकच्या चालकापर्यंत कोणतीही अधिसूचना पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो मेस्त्री.

या भागात मेस्त्रीचे हात नवे नाहीत. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना वसवला, आणि आटपाडी हा त्याच संस्थानचा भाग होता. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढून पुढे डिझेल इंजिने घडवली. विहिरीवरचे इंजिन, उसाचा चरक, ट्रक, असा यंत्राचा संस्कार या तालुक्यांत खोल मुरलेला आहे. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार आणि डिझेल मेकॅनिकचे अभ्यासक्रम चालतात, परंतु त्यांचा भर कारखान्याने दिलेल्या यंत्राच्या दुरुस्तीवर असतो. जुन्या यंत्रात सुधारणा करण्याचे, व्यास आणि अंतर यांचा हिशेब घालून दुसऱ्याच गाडीचा भाग नेमका बसवण्याचे ज्ञान शेडमध्येच राहते आणि मेस्त्रीबरोबर जाते. अशा दहा-वीस मेस्त्रींना बोलावून त्यांचे काम मोजमापांसह मराठीत लिहून घेणे एखाद्या संस्थेस अशक्य नाही, आणि ते लवकर व्हावे असे मला तळमळीने वाटते.

म्हसवडच्या त्या टँकरचे काम पुरे झाले तेव्हा चालकाने दोन-चारदा पेडल दाबून पाहिले, गाडी मागे घेतली, पुढे घेतली, आणि गिअर न खरखरता पडले. मालक शेजारी उभे होते. खर्च प्लेट बदलण्याहून अधिक आला म्हणून ते काहीसे नाराज होते. त्यांना, आणि त्यांच्यासारख्या सर्व मालकांना, माझी विनंती एवढीच आहे: पाण्याच्या खेपा पुन्हा सुरू होण्यापूर्वी एक दिवस स्वतः त्या आसनावर बसावे, भरलेला टँकर वस्तीवर नेऊन रिकामा करावा, आणि मग क्लचचा खर्च वहीत कोणत्या सदराखाली लिहायचा ते ठरवावे. माझ्या मते तो गाडीच्या डागडुजीत न घालता चालकाच्या पगारालगत मांडला पाहिजे.